गावात प्रोजेक्टर घ्याचा तर लेझर घ्या, फोर-केचं नंतर पाहू

दारव्हेकर: घरी १०० इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) पडदा लावून ४ वर्षं झाली, प्रोजेक्टर लॅम्पवाला. आता बदलाचा हाये अन् माझं मत पक्कं झालं, पैसे लेझरच्या उजेडात टाका, फोर-केत (जास्त बारीक ठिपक्याच्या चित्रात) नको. आमच्याकडे रात्री जेवणाच्या टायमाले लाइन हमखास जाते. लॅम्पमधी पाऱ्याची वाफ तापून उजेड पडते, लाइन गेली की पंखाही बंद, लॅम्प तसाच तापलेला, मंग लाइन आली तरी थंड झाल्याबिगर पेटत नाई. माझे २ लॅम्प गेले, पोरं अर्ध्या पिक्चरवरून उठून झोपाले गेली. लेझर बटन दाबलं की चालू. वरून आयुष्य २०,००० तास, रोज ३ तास धरा, १८ वर्षं होतात.

वणीचा भाऊ: नाई पटत. ते २०,००० तास म्हणजे उजेड अर्धा होईपर्यंतचे, तेही थंडाव्यात चालला तर. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री, टिनाखाली त्याहून जास्त, अन् लेझर डायोडले (उजेड पाडणाऱ्या बारक्या चिपले) उष्णता सोसत नाई. बऱ्याच मशिनींच्या पुस्तकात ४० च्या वर चालवू नका असं लिहूनच राहते. लॅम्प गेला तर स्क्रू काढून घरीच बदलता येते. लेझरचं इंजिन गेलं तर अख्खा डब्बा नागपूरले न्या, वॉरंटी संपली असन तर नवा घेतलेला बरा.

आर्वीची ताई: लेझरचं काही का असेना, पण फोर-के नको कसं म्हणता दारव्हेकर दादा? आमची पोरं सतरंजीवर, पडद्यापासून ६ फुटावर बसतात. फुल एचडीवर (१९२० गुणिले १०८० ठिपके) अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात मले. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, चौपट ठिपके, फरक पडतेच ना.

दारव्हेकर: ताई, ६ फुटावर तुमचं खरं हाये. पण १०० इंची पडद्याची रुंदी २२१ सेंमी, फुल एचडीचा एक ठिपका सव्वा मिलीमीटरच्या आत, चांगल्या नजरेलेही ४ मीटर म्हणजे १३ फुटाच्या मागून ठिपके वेगळे दिसत नाई. आमची बाज १४ फुटावर हाये. अन् स्वस्तातल्या बऱ्याच डीएलपी (बारक्या आरशांवरून उजेड फेकणाऱ्या) फोर-के मशिनीत चिप १९२० गुणिले १०८० आरशांचीच राहते, तेच चित्र ४ जागी भराभर सरकवून ८३ लाख ठिपके करतात.

आर्वीची ताई: सरकवून का होईना, पडद्यावर ८३ लाख पडतात ना? शेजारच्या गावात पाहून आली मी, बारीक अक्षर वाचता येते.

पुसदवाला: लेझर घेसान तर निळ्या लेझरवर पिवळं फॉस्फर (निळा उजेड पडला की पिवळं चमकणारा लेप) असते तो पाहा. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही लेझर असले तर रंग लय खुलतात, पण पांढऱ्या जागेवर वाळू सांडल्यासारखी चमचम दिसते काही जणाले. आमच्या आईचे डोळे दुखतात त्यानं. घ्याच्या आधी घरातल्या सगळ्याईले दाखवून आणा.

दारव्हेकर: हे कामाचं सांगतलं. वणीचे भाऊ, उष्णतेचं मान्य, आम्ही मे मधी रात्री १० नंतरच लावतो.

वणीचा भाऊ: रात्री १० ले बी टिन तापलेलंच राहते. अन् कापूस वेचला की घरभर रुई उडते, ती जाळीत बसली की मशीन आणखी तापते, लेझर असो का लॅम्प, महिन्यातून एकदा साफ कराच. मी तर लॅम्पवालाच ठेवतो, एक जास्तीचा लॅम्प कपाटात हाये.