धरण झालं आणि आजार वाढला, हे कसं?

रानजाई:
सार्वजनिक आरोग्य शिकतेय. वर्गात साथरोगतज्ज्ञ ओमरान यांची १९७१ची मांडणी झाली: राहणीमान सुधारत गेलं की साथीचे रोग मागे पडतात, हृदयविकार आणि कर्करोग पुढे येतात. पटलं होतं. मग पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीवरच्या दियामा धरणाबद्दल वाचलं. १९८६मध्ये ते पूर्ण झालं, उसाला आणि भाताला बारमाही पाणी मिळालं, आणि दोनच वर्षांत नदीकाठच्या रिशार-तोल शहरात आतड्यांचा शिस्टोसोमियासिस, म्हणजे परजीवी कृमींमुळे होणारा आजार, दिसू लागला. पुढे तर त्याची मोठी साथच झाली. पाणी आल्यावर आजार कमी व्हायला हवेत ना? दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

काचपट्टी:
मी परजीवींच्या प्रयोगशाळेत काम करते. या कृमीचं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिलं की विसरता येत नाही: लांबट, पिवळसर, आणि एका कडेला टोकदार काटा. विष्ठेतून ते पाण्यात पडतं, फुटतं, आतली अळी गोगलगायीत शिरते. तिथे वाढून हजारोंनी बाहेर पडते आणि पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून थेट आत जाते. पाणी प्यावंही लागत नाही.

आता धरण बघ. पूर्वी कोरड्या ऋतूत समुद्राचं खारं पाणी नदीत वर चढायचं आणि या गोगलगायींना ते सोसत नसे. धरणानं ते खारं पाणी अडवलं. कालव्यांत पाणवनस्पती माजल्या, गोगलगायींना घर मिळालं. कामासाठी माणसं लोटली, पण पाणी आलं ते शेताला. नळ आणि संडास त्या वेगानं आले नाहीत, म्हणून धुणं, आंघोळ, पोरांचं डुंबणं कालव्यातच. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ओमरान खोटे ठरत नाहीत, पण ‘विकास’ म्हणजे नेमकं काय आलं आणि कुणाच्या दारात, हे विचारायलाच हवं.

उंबरठा:
यावर प्राझिक्वांटेल हे चांगलं, स्वस्त औषध आहे. अडचण एवढीच की ते शरीरातले प्रौढ कृमी मारतं, पुढची लागण रोखत नाही. मूल गोळी घेतं आणि पुन्हा त्याच पाण्यात उतरतं. हे बघून जीव तुटतो.

रानजाई:
मग गोगलगायींचंच काही करता येत नाही का?

काचपट्टी:
येतं. तिथल्या नदीतली कोळंबी गोगलगायी खाते. पण तिची पिल्लं मचूळ पाण्यात वाढतात आणि धरणानं तीच वाट बंद केली. लाम्पसार गावात पाणवठ्यावर कोळंबी पुन्हा सोडली, तेव्हा लागण झालेल्या गोगलगायी घटल्या, माणसांतला संसर्गही उतरला. ते निष्कर्ष २०१५मध्ये आले. २०२३मध्ये आणखी एक अभ्यास आला: पाणवठ्यातल्या वनस्पती उपसल्यावर मुलांमधली आतड्यांची लागण कमी झाली. उपसलेल्या वनस्पतीचं खत झालं, गुरांना चाराही. तो आधी वाच, मग ओमरानकडे परत ये.