बारमध्ये मन ओळखण्याचे पत्त्यांचे प्रयोग: संशय घेणाऱ्या टेबलापुढे काय करावं?

कॅटवाला

मंडळी, पुण्यात बाणेरच्या एका बारमध्ये शुक्रवार-शनिवार रात्री मी टेबलाटेबलावर जाऊन पत्त्यांचे प्रयोग करतो. हातचलाखी छान रंगते. पत्ता गायब झाला आणि खिशातून निघाला की टाळ्या पडतात. मग शेवटी मी मन ओळखण्याचा प्रयोग घेतो आणि तिथेच अडतं. समोरचा मनात पत्ता धरतो, मी ओळखतो, आणि टेबलावरचा एक तरी म्हणतोच, "कॅटवर खुणा आहेत", "सगळे पत्ते एकच असणार", "हे यूट्यूबवर आहे". कॅट हातातून ओढला जातो, पत्ते उलटसुलट करून बघितले जातात, आणि ज्याचा पत्ता ओळखला तोही त्यांना सामील होतो.

ही बहुतेक आयटीतली मंडळी. हुशार असतात, प्रत्येक गोष्टीचं कारण मागतात. मला त्यांचा राग येत नाही, मीही असंच बघतो. पण आपल्या मनातलं खरंच कुणीतरी ओळखलं, असं त्यांना क्षणभर तरी वाटावं ना? आणि दोन पेग झालेला माणूस आपला पत्ताच विसरला तर तुम्ही काय करता? प्रत्यक्ष बारमध्ये केलेल्यांनी सांगा. गुपितं इथे उघड्यावर लिहू नका.

काउंटरपलीकडचा

मला जादू येत नाही. पणजीत बार सांभाळतो, आणि आमच्याकडे पत्तेवाले अधूनमधून येतात. मांडवीतल्या कॅसिनोतून उठून आलेलं गिऱ्हाईक रात्रभर पत्तेच बघत असतं, आणि हरून आलेल्याला कॅट हातात घेतलेल्या कुठल्याही माणसाचा संशय येतो. अशा टेबलावर पत्ते घेऊन जाऊच नये.

टेबल कसं निवडायचं ते वेटरला विचारा. कोण भांडून बसलंय, कुणाचा वाढदिवस आहे, कोण कुणाला पहिल्यांदाच भेटतंय, सगळं त्याला ठाऊक असतं. ऑर्डर गेली आणि जेवण अजून यायचंय, ती वेळ सगळ्यात चांगली. समोर तंदुरीची प्लेट आली की कुणी मनात पत्ता धरत नाही. आणि बिल मागितलेल्या टेबलाकडे फिरकू नका.

शिकागोकर

मी मूळचा डोंबिवलीचा. दिवसा नोकरी करतो आणि काही रात्री बारच्या काउंटरवर पत्ते. शिकागोत याची जुनी परंपरा आहे. मॅट शुलिन आपल्या रेस्टॉरंटमध्ये टेबलाटेबलावर जाऊन प्रयोग करायचा, निवडलेला पत्ता टेबलक्लॉथखालून निघायचा. 'हेबा हाबा अल' नावाने ओळखला जाणारा बारटेंडर दारू ओतता ओतता पत्ते दाखवायचा. 2018 मध्ये इथे शिकागो मॅजिक लाउंज सुरू झालं, त्याच्या बारवर आजही ते चालू आहे. बारमधला प्रेक्षक तिकीट काढून जादू बघायला आलेला नसतो, विश्वास ठेवायचा असं ठरवूनही आलेला नसतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

तू वयाने लहान असशील असं धरून तू म्हणतो. तुझी अडचण तुझ्या प्रश्नातच आहे. तू आधी हातचलाखी करतोस. खिशातून पत्ता काढून दाखवलास म्हणजे तूच टेबलाला सांगितलंस की या हातांवर विश्वास ठेवू नका. नंतर त्याच हातांत तोच कॅट धरून "तुमच्या मनातलं ओळखतो" म्हटलंस तर ते हातांकडेच बघणार. त्यांचं बरोबर आहे. त्यांचा संशय पत्त्यांवर आहे, म्हणून पत्ते हातातून सोडायला शीक. मन ओळखायचं असेल त्या टेबलावर मी दुसरं काहीच करत नाही. कॅट टेबलावर ठेवतो आणि सगळ्यात जास्त शंका घेणाऱ्याला म्हणतो, "तुम्ही पिसा. मोजायचेत? मोजा. खुणा शोधायच्यात? शोधा." तो शोधतो, मी गप्प उभा राहतो. ही दोन मिनिटं वाया जात नाहीत. त्यानेच तपासलंय म्हटल्यावर नंतर शेजारी ओरडला तर हा त्याला गप्प करतो. आता साहजिकच, जे प्रयोग अशा तपासणीत टिकत नाहीत ते बारमध्ये घेऊन जायचे नाहीत. खास बनवलेले कॅट घरी ठेव. परक्या माणसाने पिसलेल्या साध्या 52 पत्त्यांवर चालणारं एखादं काम वर्षभर घासून घे. एकच पुरे.

पत्ता मनात धरायला सांगितलं की पुष्कळ लोक इस्पिकचा एक्का नाहीतर बदामची राणी घेतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच पत्ते वर आले होते. हुशार टेबलाला हे माहीत असतं आणि ते लगेच म्हणतात, "सगळे तेच घेतात." म्हणून ते मी आधी बोलतो. "इस्पिकचा एक्का, बदामची राणी नको, ते सगळे घेतात. अजून एकदा बदला." माणूस पत्ता बदलतो तेव्हा त्याला स्वतःलाच जाणवतं की निवड आपली आहे.

आणि थोडं चुकू दे. चॅन कॅनास्टा हे नाव शोध. पोलंडमध्ये जन्मलेला, 1951 मध्ये बीबीसीवर दिसू लागलेला, पुढे चित्रकार झाला. लोकांच्या मनातले पत्ते ओळखताना तो खरोखर जोखीम घ्यायचा आणि कधीकधी त्याचं चुकायचं. त्यामुळेच त्याच्यावर लोकांचा विश्वास बसायचा, कारण हातचलाखी करणारा कधी चुकत नाही. मी किलवरची सत्ती म्हणतो, त्याची असते किलवरची अठ्ठी. तिथे घाईने सावरायला जाऊ नकोस. टेबलाकडे बघ. कुणीच म्हणत नाही की चुकलं. म्हणतात, "अरे, जवळ आला!" एका पत्त्याने चुकलेल्या माणसाला खुणा दिसत होत्या असं कोण म्हणेल?

विसरणाऱ्यांसाठी उपाय साधा आहे. पत्ता एकट्याने मनात धरायचा नाही. बिअरच्या ग्लासाखाली पुठ्ठ्याची चकती असते, तिच्या मागे लिहायचा, शेजाऱ्याला दाखवायचा आणि ग्लास परत वर ठेवायचा. मी त्या वेळी तोंड फिरवून बारकडे बघत उभा. यात विसरण्याचा प्रश्न मिटतो, आणि मुद्दाम खोटं बोलणाऱ्याचाही. खोटं बोलणारे प्रत्येक बारमध्ये असतात.

शेवटचं म्हणजे, पत्त्याची घाई करू नकोस. "लाल की काळा" असले प्रश्न विचारू नकोस, ते मन ओळखणं नाही, चाळणी लावणं आहे. त्या माणसाबद्दल विचार. हा पत्ता का घेतला, कुणाची आठवण आली का, लहानपणी घरी कोण खेळायचं, रमी की झब्बू? इथल्या लोकांना मी पोकरबद्दल विचारतो. मराठी टेबल मिळालं की झब्बूवर पाच मिनिटं सहज जातात, आणि पत्ता ओळखला जाईपर्यंत कॅट कुठे पडलाय हेही कुणाच्या ध्यानात नसतं.

सातारची

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते. शाळांतून चमत्कार करून दाखवतो आणि मग त्यामागचं कारण सांगतो. बारमध्ये तुम्ही कारण सांगावं असं माझं म्हणणं नाही, ती तुमची कला आहे. पण प्रयोग जमला की टेबलावरचं कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "माझ्या बायकोच्या मनात काय आहे?", "ही नोकरी सोडू का?" नशेत माणूस फार लवकर उघडा होतो. तिथे उत्तर द्यायचं नाही. गमतीनेही नाही. "मी जादूगार आहे, हा प्रयोग होता" इतकं स्पष्ट सांगायचं. डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला होता. करमणुकीच्या जादूला त्या कायद्याची आडकाठी नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं हा मात्र गुन्हा आहे. संशय घेणारं टेबल तुम्हाला त्रासाचं वाटतं, मला तेच टेबल सुरक्षित वाटतं. खरी काळजी लगेच विश्वास ठेवणाऱ्याची घ्या.

कॅटवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. सातारच्या ताई, असं विचारणारे दोघे-तिघे मलाही भेटलेत, तुमचं वाक्य मी तसंच वापरणार. शिकागोकर काका, क्रम बदलतो. चकतीची कल्पना तर कमालच. एकच शंका. आमच्या बारमध्ये दहानंतर लाल दिवे लावतात. त्यात चकतीवरचं वाचता येईल का, आणि पत्ते?

शिकागोकर

लाल उजेडात पांढरा पत्ताही लाल दिसतो, म्हणून बदाम आणि चौकट जवळजवळ पुसले जातात. इस्पिक-किलवर ठळक दिसतात. त्याने पत्ता उघडून बघण्याचा प्रयोग असेल तर दहाच्या आधी उरक. दहानंतर फक्त मनात धरलेला पत्ता घे, आणि लिहायला लाल शाईचं पेन देऊ नकोस, काळं मार्कर ठेव. खिशात कोरडा रुमालही हवा, ग्लासाखालची चकती ओली असते आणि ओल्या पुठ्ठ्यावर मार्कर फुटतो. चकती आधी पुसून मग हातात द्यायची.