नागपुरात चीडचं बोन्साय: तार कधी गुंडाळावी?

धरमपेठ_गच्ची: चीडचं (हिमालयातल्या पाइनचं) दोन वर्षांचं रोप, खोड पेन्सिलीएवढं, कुंडीत काळी माती. आता मे महिन्यात खोडाला वळण द्यायला तार गुंडाळू का?

मुरूमवाला: तार राहू द्या, आधी माती. काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, मुळं कुजतात. जानेवारीच्या शेवटी चाळलेला मुरूम नि विटांचे ३-५ मिमी तुकडे निम्मे-निम्मे घेऊन कुंडी बदला. मुळं धुऊन काढू नका, त्यांवरची पांढरी बुरशी झाडाच्या कामाची. तोवर दुपारी हिरवी जाळी.

सुईपान: तार कुंडी बदलल्यानंतरच्या हिवाळ्यात. अ‍ॅल्युमिनियमची, जाडी खोडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. रुतायला लागली की कापून काढा. उलगडताना साल सोलते. फांदी छाटताना थोड्या सुया (सुईसारखी पानं) ठेवाच, बोडक्या लाकडावर फुटव्याचा भरवसा नाही.

धरमपेठ_गच्ची: कुंडी सहा इंची चालेल?

सुईपान: चीडच्या सुया २०-३० सेंमी, बेढब दिसेल. मोठंच करा.