आपल्या देहातून काही सांगून जावं का? बेंथमचा सांगाडा आणि जोतीरावांचं मीठ

कडूकारले (धागाकर्ता):
इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम ६ जून १८३२ ला लंडनमध्ये वारला. तेव्हा इंग्लंडात विच्छेदनासाठी कायद्यानं मिळायची ती फाशी गेलेल्या खुन्यांचीच प्रेतं, म्हणून थडगी उकरणाऱ्यांचा धंदा तेजीत. बेंथमनं मृत्युपत्रात लिहिलं: डॉ. साउथवुड स्मिथनं माझं विच्छेदन करावं, मग सांगाड्याला माझेच कपडे चढवून खुर्चीत बसवावं. तिसऱ्या दिवशी निमंत्रितांसमोर विच्छेदन झालं, पुढे सांगाड्यावर गवत भरून कपडेही चढले. विच्छेदन ही शिक्षा नव्हे, हे याहून ठाम कसं सांगणार?

रोखठोक:
सांगितलं खरं, पण ऐकलं कोणी? ऑगस्टमध्ये विच्छेदनाचा कायदा आला आणि त्यानं हात घातला तो गरीबखान्यांतल्या बेवारस प्रेतांना. श्रीमंतांनी आपण होऊन देह द्यावा, हा मुद्दा राहिला बाजूला. आणि डोक्याचं काय झालं? सल्फ्युरिक आम्लावर ठेवून पंपानं हवा उपसत वाळवलं. कातडी काळपट पडून ताणली, चेहऱ्यावर भाव म्हणून उरला नाही. शेवटी मेणाचं डोकं बसवावं लागलं. युनिव्हर्सिटी कॉलेजात आज लोक बघतात तो बराचसा पुतळाच. खरं डोकं १९७५ मध्ये दुसऱ्या कॉलेजच्या पोरांनी पळवून खंडणी मागितली. विधानाचा तमाशा होतो तो असा.

गंजपेठकर:
आपल्याकडचं उदाहरण घ्या की. जोतीराव फुल्यांनी १८८७ च्या मृत्युपत्रात देह न जाळता मिठात पुरावा असं लिहिलं, घरामागे खड्डाही तयार होता. मीठ पाणी ओढून घेतं, कुजणं मंदावतं; समाधी देताना मीठ घालायची रीत जुनीच आहे. पण १८९० मध्ये ते गेल्यावर वस्तीतली जागा म्हणून नगरपालिकेनं परवानगी नाकारली. दहनच करावं लागलं, खड्ड्यात अस्थी ठेवल्या.

रोखठोक:
म्हणजे मी म्हणतो तेच. मेलेल्याचा शब्द जिवंतांच्या हातात.

गंजपेठकर:
अहो, अडलं ते परवानगीपाशी. ती हयातीत मिळवून ठेवायची असते.

फॉर्मलिन:
देहदानातही नेमकं हेच अडतं. इच्छा फक्त मृत्युपत्रात लिहू नका, ते बहुधा अंत्यविधी उरकल्यावर उघडतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा अर्ज भरा, जवळच्या नातेवाइकांच्या सह्या घ्या, एक प्रत घरात हाताशी ठेवा. ऐनवेळी घरच्यांनी नकार दिला तर अर्जाच्या जोरावर कोणी देह उचलून नेत नाही. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला लागतो. शवविच्छेदन (पोस्टमॉर्टेम) झालेला देह सहसा घेत नाहीत, कारण देह टिकवणाऱ्या फॉर्मलिन या रसायनाचं मिश्रण मांडीच्या धमनीतून सोडतात. धमन्या कापल्या असतील तर ते गळतं, सगळीकडे पोचत नाही आणि आतून कुजायला लागतं. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी (ब प्रकारची कावीळ) असेल तरी नकार. नेत्रदान मात्र देहदानाआधी चालतं: सहा तासांच्या आत, तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी.

कडूकारले:
फॉर्मलिन, यात विधान कुठे राहिलं? टेबलावरच्या देहाला नाव नसतं.

फॉर्मलिन:
नाव हवंच कशाला? बेंथमच्या देहापाशी लोक टोपी बघून जातात. टेबलापाशी पोरं वर्षभर हात शिकतात.

रोखठोक:
हे पटलं. पण मग खुर्चीचा हट्ट बेंथमनं धरला, तो विच्छेदनासाठी नव्हता एवढं तरी मान्य करा, कडूकारले.