मदत हवी आहे: वारीत जुलाब झाले, आता गुडघा सुजलाय. संबंध असतो का?

नमस्कार. धाकटा भाऊ (वय 26) यंदा देहूपासून पायी वारीला गेला होता. वाखरीला पोचता पोचता ताप आणि जुलाब लागले, चार दिवसांत थांबले. पुढे जवळजवळ तीन आठवड्यांनी उजवा गुडघा टम्म सुजला, मग डावा घोटा. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच इतकी दुखते की भिंत धरावी लागते. "एवढं चाललास, होणारच," असं सगळे म्हणाले आणि आम्ही आठवडाभर आंबेहळदीचा लेप लावत बसलो. फार वाईट वाटतं आता.

डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं, जंतू नाहीत. युरिक ॲसिड नॉर्मल, आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह. रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणाले. एचएलए-बी27 या जनुकाची तपासणी करायचीय. जंतूच नाहीत तर सूज कशाची? अँटिबायोटिक दिलं नाही, ते बरोबर आहे का? हे जन्माचं दुखणं आहे का? कालपासून डोळाही लाल आहे, पण डोळ्यांची साथ आहेच सध्या.

प्रतिसाद

ताई, आधी डोळा. आजच नेत्रतज्ज्ञांना दाखवा, मेडिकलमधून थेंब आणू नका. या आजारात डोळे नुसते येतातही, पण दुखत असेल, धूसर दिसत असेल, उजेड सोसत नसेल तर आतून सूज असू शकते. तिने नजर जाऊ शकते.

मला हेच झालं होतं, बाहेरचं खाऊन पोट बिघडल्यावर. जंतूंशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते. म्हणून जुलाब थांबल्यावर अँटिबायोटिकने सांधा बरा होत नाही. मात्र क्लॅमिडियासारखा, लैंगिक संबंधातून होणारा लघवीच्या मार्गातला संसर्ग असेल तर तो औषधाने घालवावाच लागतो. लघवीला जळजळ होते का, हे त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या, घरच्यांसमोर मुलं सांगत नाहीत.

सुजेच्या गोळ्या भरल्या पोटी, आणि डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच. बी27 बऱ्याच निरोगी माणसांतही असतं. ते असेल तर दुखणं रेंगाळण्याची शक्यता जास्त, इतकंच. बहुतेकांचं वर्षाच्या आत शमतं, मला पाच महिने लागले. नाहीच शमलं तर संधिवाततज्ज्ञ सल्फासालाझिनसारखी औषधं देतात. पण थंडी वाजून ताप आला आणि सांधा हलवताच येईना, तर थेट इस्पितळ गाठा. सांध्यात पू झाला तर काही दिवसांत सांधा कायमचा खराब होतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. डोळ्यांच्या डॉक्टरांची साडेपाचची वेळ मिळाली. परवापासून उजेड टोचतोय म्हणे, विचारलं तेव्हा आत्ता बोलला.