भाकरी, वजन आणि गोळ्या

मधुमेहात गहू सोडून ज्वारीवर आलं की रक्तातली साखर आटोक्यात येते, असं बरेच जण म्हणतात. भाकरी चांगलीच, पण दोन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढणारच. खरा फरक वजनाने पडतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं होतं. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले. १५ किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांपैकी ८६ टक्के! यकृत-स्वादुपिंडातली चरबी कमी होते, म्हणून. अर्थात हे सगळे निदानाला सहा वर्षं न झालेले, इन्सुलिन न घेणारे होते.

आमच्याकडे आधी काकडी-कोशिंबीर, मग वाटीभर मटकीची उसळ, आणि भाकरी सर्वांत शेवटी. तोवर पोट बऱ्यापैकी भरलेलं असतं, दुसरी भाकरी मागावीशी वाटत नाही.

एक कळकळीची विनंती: ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण एकदम निम्म्यावर आणू नका. साखर फार खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर, प्रसंगी बेशुद्धी येते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.