फोनवर नुसती नावं दिसणारा लाँचर टाकलाय, पण डबल टॅप चालू होईना. मदत हवी आहे, तातडीने

सुईदोरा (रात्री ११:१२)
नमस्कार मंडळी, फोनवर तो साधा लाँचर (फोनचा होमचा पडदा बदलणारं ॲप) टाकलाय, काळा पडदा आणि त्यावर फक्त ॲपची नावं, आयकॉन नाहीत. दोनदा टॅप केलं की स्क्रीन बंद होते म्हणतात, ते काही केल्या चालू होत नाही, बटण राखाडी दिसतं आणि दाबलं की रिस्ट्रिक्टेड सेटिंग असं येतं. शिवाय होमचं बटण दाबलं की मधूनच जुना पडदा येतो, सगळे रंगीत आयकॉन परत. दोन तास गेले यात. उद्या सकाळी तीन ब्लाउज द्यायचेत, लगेच कुणीतरी सांगा.

कृष्णाकाठचा (११:१९)
फोन कुठला? अँड्रॉइड कितवं? लाँचरचं नाव काय?

मानसी_ठाणे (११:२१)
ताई, मी वर्षभर नायगारा नावाचा लाँचर वापरतेय, अप्रतिम आहे, कडेला अक्षरं असतात, बोट फिरवलं की ॲप समोर येतं. तोच टाका, बाकी डोकेदुखी कशाला.

सुईदोरा (११:२६)
मानसी, मला दुसरा नकोय गं, हा आवडलाय. कृष्णाकाठचा, मॉडेल व्यक्तिगत निरोपात कळवलंय, लाँचर ओलाँचर. अँड्रॉइड कितवं ते कुठे बघायचं?

कृष्णाकाठचा (११:२८)
सेटिंग्जमध्ये अबाउट फोन. आणि ॲप कुठून टाकलंत? प्ले स्टोअर की आणखी कुठून?

परदेशी_पाखरू (११:३१)
आयफोनवर लाँचर बदलताच येत नाही, मी नुसत्या अक्षरांचं विजेट लावून काम भागवतो. कुणाला हवं असेल तर कसं करायचं ते सांगतो.

कृष्णाकाठचा (११:३२)
पाखरू, ताईंकडे अँड्रॉइड आहे.

सुईदोरा (११:३५)
अँड्रॉइड १४. ॲप माझ्या मावसदिराने व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली होती, ती दाबून टाकलं.

कृष्णाकाठचा (११:४१)
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं ताई, घोळ तिथेच आहे. २०२२ साली अँड्रॉइड १३ आलं तेव्हापासून अशी बाहेरून फाइल दाबून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी फोन सहजासहजी देत नाही. आणि स्क्रीन बंद करायला या लाँचरला नेमकी तीच लागते. फोन बिघडलेला नाही, राखणदारी करतोय.

टेक्निकल_दादा (११:४४)
सोपं आहे. सेटिंग्ज, ॲप्स, ओलाँचर, वर उजवीकडे तीन ठिपके, अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज. पिन मागेल, टाका, झालं. बटण एकदा दाबून नकार आलेला असल्याशिवाय तो पर्याय दिसत नाही, तुम्ही दाबलंय, म्हणजे दिसेल. आणि तो जुना लाँचर संगणकाला यूएसबी लावून कमांडने बंदच करून टाका, परत तोंड दाखवणार नाही.

कृष्णाकाठचा (११:५०)
दादा, दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. अँड्रॉइड ९ पासून अलीकडच्या ॲप्सची यादी बऱ्याच फोनमध्ये कंपनीच्या लाँचरमध्येच असते, तो बंद केला की ते बटण मुकं होतं. तुम्ही निस्तराल, ताई रात्री बारा वाजता काय करतील? आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलला ॲक्सेसिबिलिटी द्यायची? ती दिली की त्या ॲपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं, आपल्या वतीने बटणं दाबता येतात. लग्नाची पत्रिका म्हणून, वाहनाचं चलन म्हणून अशीच ॲपची फाइल (एपीके) पाठवून लोकांची खाती रिकामी केलीत.

टेक्निकल_दादा (११:५३)
घरच्या माणसाने पाठवलीय हो. आणि ओलाँचर ओपन सोर्स आहे, कोड सगळ्यांना बघता येतो.

कृष्णाकाठचा (११:५६)
कोड बघता येतो तो मूळ ॲपचा. मावसदिराला ती फाइल कुणी दिली हे तुम्हाला माहीत आहे का? ताईंच्या फोनवर पैसे घ्यायचं ॲप नक्की असणार. तेच ॲप प्ले स्टोअरवर फुकट आहे, मग ही जोखीम कशासाठी?

बटणवाला_काका (१२:०२)
मी म्हणतो साधा बटणाचा फोन घ्या. दोन वर्षं वापरतोय, शांत झोप लागते. आणि मापं वहीत लिहा, आमचे वडील शिंपीकाम करायचे, चाळीस वर्षांच्या वह्या अजून माळ्यावर आहेत.

सुईदोरा (१२:१०)
काका, वही आहेच. पण गळ्याचं डिझाइन गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरच पाठवतं, पैसेही फोनवरच येतात, बटणाच्या फोनवर माझा धंदा बंद पडेल. हे सगळं कशासाठी करतेय ते सांगते. परवा एका नवरीचा ब्लाउज बेतायला घेतला, खडूने खुणा झाल्या, मागचा गळा किती खोल ते बघायला फोन उचलला, आणि तो रंगीत गोल दिसला की बोट आपोआप तिकडेच जातं. पाऊण तास रील्स बघितले. मग घाईघाईत कात्री चालवली आणि मुंढा वहीतल्या पुढच्या पानावरच्या बाईच्या मापाने कापला, पाऊण इंच जास्त. साडीतलाच ब्लाउजपीस होता, दुसरा मिळणार नव्हता. काखेत जोड देऊन निभावलं, पण तिच्या आईने तो जोड बोटाने चाचपून बघितला. बोलली काही नाही. म्हणून मला फोनवर कामाची सहा नावं हवीत, बाकी काही नको.

मानसी_ठाणे (१२:१४)
अगं ताई, वाईट वाटलं वाचून. डिजिटल वेलबीइंगमध्ये त्या ॲपला रोजची वेळ बांधून दे, पंधरा मिनिटं. लाँचर बदलला म्हणून नोटिफिकेशन थांबत नाहीत, तीही बंद कर. आणि स्क्रीन काळीपांढरी केलीस तर रील्समध्ये जीवच राहत नाही.

सुईदोरा (१२:१७)
काळीपांढरी नको, धाग्याचा रंग फोटोवरून जुळवते मी. वेळ बांधते.

कृष्णाकाठचा (१२:२०)
ताई, आता असं करा. आधी आलेलं ओलाँचर अनइन्स्टॉल करा, घाबरू नका, जुना पडदा आपोआप परत येतो, फोटो किंवा चॅट कशालाच धक्का लागत नाही. मग प्ले स्टोअरवरून घ्या. सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, होम ॲप, तिथे ओलाँचर निवडा. जुना पडदा मधूनच येत होता कारण होम दाबल्यावर विचारलं तेव्हा तुम्ही ‘फक्त एकदा’ दाबलं असणार, ‘नेहमी’ नाही. मग मोकळ्या जागी बोट दाबून धरा, लाँचरचं सेटिंग उघडेल, त्यात डबल टॅप.

टेक्निकल_दादा (१२:२३)
ठीक आहे, प्ले स्टोअरवरून घेत असाल तर माझा तीन ठिपक्यांचा उपाय लागणारच नाही. त्या पडद्यावर जास्तीत जास्त आठ नावं बसतात, सहा आरामात बसतील. नावं बदलताही येतात, मराठीत लिहा.

सुईदोरा (१२:४८)
झालं! दोनदा टॅप केलं की बंद होतोय. होम दहा वेळा दाबून बघितलं, जुना पडदा आला नाही. नावं मराठीत केली: फोन, निरोप, गळ्याचे फोटो, कॅमेरा, हिशोब, पैसे. दिरालाही ती फाइल काढायला सांगते उद्या. कृष्णाकाठचा, दादा, मानसी, फार आभारी आहे. हुक-काजं राहिलीत, बसते आता.

बटणवाला_काका (१२:५५)
उशीर झालाय पोरी, काजं सकाळच्या उजेडात कर.